बहात्तर तासांत मोजते कोण?

अतिदक्षता विभागाच्या दाराशी ताटकळणाऱ्या नातेवाइकांना डॉक्टर एक वाक्य हमखास सांगतात : ‘बहात्तर तास काही सांगता येत नाही.’ ऐकणारे हात जोडतात, मनातल्या मनात नवस बोलतात. या वाक्यामागे शरीराचा एक ठरलेला क्रम आहे. डोक्याला जबर मार बसला की मेंदूची सूज त्याच क्षणी पुरती चढत नाही. ती दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान कळसाला पोचते. अपघातातून वाचलेला, सीटी झालेला, प्रसंगी ऑपरेशनही पार पडलेला रुग्ण याच दिवसांत दगावतो किंवा जन्माचा अधू होतो. त्याचे काय होणार हे बऱ्याच अंशी दोन गोष्टींवर ठरते : कवटीच्या आतला दाब किती चढला, आणि मेंदूपर्यंत रक्त किती पोचते आहे. दोन्ही मोजता येतात. दाब मोजण्याची रीत तर साठ वर्षांहून जुनी आहे. तरीही महाराष्ट्रात मोठ्या शहरांतली मोजकी रुग्णालये सोडली, तर हे मोजमाप अपवादानेच होते. आणि ते झाले नाही म्हणून कोणी कोणाला जाब विचारत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४ मृत्यू झाले. देशभरात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले त्या एका वर्षात गेले. पुढच्या वर्षी देशातल्या मृतांचा आकडा १ लाख ७२ हजारांवर पोचला. यात परांचीवरून पडलेला गवंडी नाही, नारळाच्या झाडावरून पडलेला पाडेकरी नाही, न्हाणीघरात घसरलेली आजी नाही. मृतांची मोजदाद निदान छापून तरी येते. डोक्याला मार लागून जे जगले, त्यांतले किती पुन्हा कामावर गेले, किती घरांत आई आपल्या तिशीतल्या मुलाला घास भरवते आहे, हे त्या अहवालात शोधून सापडत नाही.

कवटी हाडाची आहे, ती ताणली जात नाही. आत तीन गोष्टी असतात : मेंदू, त्याच्याभोवतीचे पाणी आणि रक्त. एकीने जागा घेतली की दुसरीला ती सोडावी लागते. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेला हा नियम आजही मेंदूच्या अतिदक्षता उपचारांचा पाया आहे. सूज येऊ लागली की आधी पाणी पाठीच्या कण्याकडे सरकते, शिरांतले रक्त बाहेर ढकलले जाते, आणि दाब काही काळ जागच्या जागी राहतो. ही सोय संपली की मग जराशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो. ‘काल संध्याकाळी ओळखत होता, रात्रीत काय झालं कळलं नाही’ असे घरचे सांगतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

निरोगी प्रौढ माणूस आडवा असताना हा दाब पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. तो २२ च्या वर गेला तर उतरवायला हवा, असे अमेरिकेतल्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. खरा हिशेब मात्र वजाबाकीचा आहे. सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा केला की जे उरते, त्याच जोरावर रक्त मेंदूत शिरते. हे उरलेले ६० ते ७० असावे लागते. समजा, एखाद्या जखमीचा रक्तदाब ९०/६० आहे. सरासरी झाली ७०. ‘बीपी थोडा लो आहे, सलाईन चालू आहे’ असे म्हणून सगळे पुढच्या रुग्णाकडे वळतात. कवटीतला दाब २५ असेल तर त्या मेंदूच्या वाट्याला ४५ उरले. शरीराच्या वजनात जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी पाचवा हिस्सा एकटा घेतो आणि उद्यासाठी काहीही साठवून ठेवत नाही. पहिला मार गाडीने दिलेला असतो. दुसरा मार रक्ताच्या तुटवड्याचा, आणि तो बहुतेकदा आपल्या हवाली झालेल्या रुग्णाला, आपल्या डोळ्यांसमोर बसतो.

क्रिकेट पाहणाऱ्या पिढीला हे दोन नावांनी समजावता येईल. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात एका क्लब सामन्यात रमण लांबा शॉर्ट लेगला हेल्मेटविना उभे होते. चेंडू डोक्याला लागला. ते स्वतःच्या पायांनी ड्रेसिंग रूमकडे चालत गेले. आत रक्तस्राव वाढत गेला आणि तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्याआधी मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथच्या चेंडूने भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली. तिथल्या डॉक्टरांनी वेळ न दवडता मेंदूवरचा दाब उतरवण्यासाठी शस्त्रक्रिया केली. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले, आपल्या चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी यांनीही दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले आणि पुढे प्रथम श्रेणीचे क्रिकेटही खेळले. डोक्याचा मार हा प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळे दोन माणसांची तुलना करून काही सिद्ध होत नाही. पण चालता-बोलता माणूस आतून दाबला जात असू शकतो, आणि वेळेत उतरवलेला दाब माणसाला परत आणू शकतो, हे दोन्ही या दोन घटनांत दिसते.

आता आपल्याकडचा प्रवास पाहा. रात्री दहाला दुचाकी घसरते. रस्त्याकडेचे लोक जखमीला उताणे झोपवतात. तो घोरू लागतो, तर ‘झोप लागली’ म्हणून सगळे निःश्वास सोडतात. वास्तविक बेशुद्ध माणसाचे ते घोरणे म्हणजे जीभ मागे पडून श्वासमार्ग अडल्याची खूण असते. तोंडाला दारूचा वास असेल तर ‘उतरली की उठेल’ म्हणून तासन्‌तास कोणी हात लावत नाही. मग १०८ ची रुग्णवाहिका किंवा मिळेल तो टेम्पो, ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याचे सिव्हिल, सीटी, आणि न्यूरोसर्जन नसल्याने पुढे पुण्याला, नागपूरला, मुंबईला. या प्रत्येक टप्प्यावर मेंदूचे रक्त कमी होण्याच्या संधी असतात. घाबरलेला मदतनीस नळी घातलेल्या रुग्णाला हवेची पिशवी भराभर दाबत राहतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात. पाऱ्याच्या प्रत्येक मिलिमीटरमागे रक्तप्रवाह सुमारे तीन टक्क्यांनी कमी होतो. श्वास देण्याच्या धडपडीतच मेंदूचे रक्त तोडले जाते.

हे थांबवायला महागडे यंत्र लागत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने रुग्णवाहिकांतल्या माणसांना तीनच गोष्टी घोटून शिकवल्या : ऑक्सिजन घसरू द्यायचा नाही, रक्तदाब घसरू द्यायचा नाही, पिशवी जोरजोरात दाबायची नाही. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदूला गंभीर मार असलेल्या गटात जगण्याची शक्यता दुपटीने वाढली होती. वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट होते, हे तर १९९३ पासून ठाऊक आहे. आजच्या सूचना याहून कडक आहेत : १५ ते ४९ वयाच्या रुग्णाचा वरचा रक्तदाब ११० च्या खाली जाता कामा नये. आपल्या किती ग्रामीण रुग्णालयांच्या भिंतीवर हा ११० चा आकडा लिहिलेला आहे? २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या गाड्यांनी हजारो जीव वाचवले आहेत, त्यांतल्या डॉक्टरांची जिद्द आम्ही मानतो. पण त्या गाडीतून उतरणाऱ्या डोक्याच्या रुग्णासोबत रक्तदाब, ऑक्सिजन आणि शुद्धीची दर पंधरा मिनिटांची लिहिलेली नोंद उतरली पाहिजे, असा आग्रह राज्याने धरायला हवा.

रुग्णालयात पोचल्यावर पुढचा भाग येतो. स्वीडनचे न्यूरोसर्जन निल्स लुंडबर्ग यांनी १९६० मध्ये मेंदूच्या पोकळीत बारीक नळी घालून कवटीतला दाब सतत नोंदवण्याची पद्धत सविस्तर मांडली. आजही तीच सर्वांत खात्रीची मानली जाते, आणि तिचा मोठा गुण असा की ज्या नळीने दाब कळतो त्याच नळीने साचलेले पाणी काढून दाब उतरवताही येतो. धोके आहेत : जंतुसंसर्ग होऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो, ती घालणारा हात तयार असावा लागतो. टोकाशी संवेदक असलेली नवी तार अधिक सोयीची. पण ती आयात होते, एकदाच वापरायची असते आणि तिच्यासाठी हजारो रुपये मोजावे लागतात. सरकारी रुग्णालयात ती मिळेलच याचा भरवसा नसतो, आणि खासगीत तिचे बिल नातेवाइकांच्या हाती येते.

आकडा हाती नसला की उपचार घड्याळावर चालतात. डोक्याचा मार म्हणजे मॅनिटॉल, दर आठ तासांनी शंभर मिली, सूज असो वा नसो. मॅनिटॉल हे गुणी औषध आहे, योग्य वेळी ते जीव वाचवते. पण ते लघवीवाटे शरीरातले पाणी खेचून नेते. ज्याचे आधीच रक्त गेले आहे, त्याचा रक्तदाब त्याने आणखी खाली येतो, आणि मग वरच्या त्या वजाबाकीत उरते तेही जाते. दाब दिसत असेल तर आधी साध्या गोष्टी करून पाहता येतात : उशाकडची बाजू तीस अंश वर, मान सरळ, गळ्याचा पट्टा इतका घट्ट नको की शिरा दबतील, ताप खाली, झोपेचे औषध पुरेसे. त्याने भागले नाही तर मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचे सलाईन, आणि सगळे हरले तर कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून देणे. आपल्याकडे तो हाडाचा तुकडा पुष्कळदा रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवतात. २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत कशालाच न जुमानणाऱ्या दाबासाठी ही शस्त्रक्रिया केलेल्यांत सहा महिन्यांनंतरचा मृत्युदर २६.९ टक्के, तर न केलेल्यांत ४८.९ टक्के निघाला. मात्र वाचलेल्यांत परावलंबी राहिलेले आणि कधीच भानावर न आलेले लोकही अधिक होते. इतका जड निर्णय घरच्यांनी घ्यायचा, आणि तो ज्या दाबासाठी घ्यायचा तो दाबच कोणी मोजलेला नाही, ही स्थिती आम्हाला असह्य वाटते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. २०१२ मध्ये बोलिव्हिया आणि इक्वेडोर या देशांतल्या ३२४ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांचे उपचार नळीने किंवा तारेने मोजलेल्या दाबावर, उरलेल्यांचे वारंवार सीटी आणि बारकाईच्या तपासणीवर. दोन्ही गटांचे निष्पन्न जवळपास सारखे निघाले. तेव्हापासून ‘दाब मोजून काही फरक पडत नाही’ हे वाक्य आपल्याकडच्या चर्चांत ढालीसारखे वापरले जाते. त्या चाचणीचा असा अर्थ लावणे हा रुग्णांवर अन्याय आहे. दाब न मोजलेल्या गटालाही तिथे ठरलेल्या वेळी पुन्हा सीटी मिळत होता, अतिदक्षता विभागात रात्रंदिवस तपासणी होती, आणि कोणत्या लक्षणाला काय करायचे याचे लेखी नियम होते. म्हणजे लक्ष दोन्हीकडे होते, लक्ष ठेवण्याची रीत वेगळी होती. शिवाय मोजलेल्या गटाला मेंदूवरचे उपचार कमी दिवस द्यावे लागले. २०२१ मध्ये ४२ देशांतल्या २,३९५ रुग्णांचे एक निरीक्षण आले. त्यात जास्त गंभीर रुग्णांमध्ये दाब मोजण्याचा संबंध कमी मृत्यूंशी दिसला. त्याला निर्विवाद पुरावा म्हणता येणार नाही, कारण जिथे मोजतात तिथे बाकीची काळजीही जास्त घेतात. पण आपण यांतले काय करतो? आपल्याकडे तारही नसते, ठरलेल्या वेळचा दुसरा सीटीही नसतो आणि रात्रीची तासातासाची तपासणीही नसते. बोलिव्हियाचे नाव घ्यायचे तर बोलिव्हियाने केले तेवढे तरी आधी करावे लागेल.

रक्तप्रवाहाचे मोजमाप तर त्याहून हाताशी आहे. १९८२ मध्ये रूने आस्लिद यांनी दाखवले की कानशिलावरच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी पाठवून मेंदूच्या मुख्य धमनीतला रक्ताचा वेग टिपता येतो. सुई नाही, चिरा नाही, रुग्णाला खाटेवरून हलवायचेही नाही. हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या काळात हा वेग फार खाली आला असेल, तर रक्त मेंदूत शिरायला झगडते आहे हे पाच-दहा मिनिटांत कळते. डोळ्यामागच्या मज्जातंतूचे आवरण सोनोग्राफीत फुगलेले दिसले तरी वाढलेल्या दाबाचा अंदाज येतो. हे मोजमाप करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, काहींच्या कानशिलाचे हाड लहरी जाऊच देत नाही, आणि दाबाचा नेमका आकडा यातून मिळत नाही. पण जिथे न्यूरोसर्जन शंभर किलोमीटर दूर आहे तिथे ‘हा रुग्ण आत्ता हलवा’ आणि ‘हा सकाळपर्यंत थांबू शकतो’ यांतला फरक ते सांगू शकते.

इथे महाराष्ट्राची एक खास अडचण आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपण १९८८ मध्ये केला. पुढे १९९४ चा केंद्राचा कायदा आला. सोनोग्राफीचे यंत्र कुठे आहे, कोणाच्या नावावर आहे, कोण चालवते, यावर त्याचा कडक पहारा आहे, आणि मुलींच्या गर्भातल्या कत्तली ज्या राज्याने पाहिल्या त्या राज्यात तो असलाच पाहिजे. त्यात तसूभरही ढिलाई आम्हाला नको. परंतु त्या धाकाने अतिदक्षता विभागात यंत्रच न नेणे, नेले तर रेडिओलॉजिस्ट येईपर्यंत त्याला हात न लावणे, हे त्या कायद्याच्या हेतूत बसत नाही. नोंदणी झालेले यंत्र, ठरलेली खोली, प्रशिक्षित आणि अधिकृत डॉक्टर, प्रत्येक वापराची नोंद : एवढी चौकट घालून डोक्याच्या रुग्णासाठी रस्ता काढता येईल. आरोग्य खाते आणि विधी खाते यांनी बसून तो काढायचा आहे.

आणि जिथे काहीच नाही तिथेही डोळे आहेत. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये शुद्धी मोजण्याची पट्टी दिली : डोळे उघडतो का, बोलतो का, हात-पाय हलवतो का, मिळून ३ ते १५ गुण. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. दोन गुण घसरले तर तातडीने डॉक्टरला उठवायचे. डोळ्याच्या बाहुल्यांवर बॅटरी मारून दोन्ही सारख्या आकसतात का पाहायचे. यासाठी बॅटरी आणि कागद लागतो. पण दर तासाला, रात्री तीन वाजताही, हे करायचे तर परिचारिका लागते. एका परिचारिकेच्या माथी अख्खा वॉर्ड असेल, तर केसपेपरवर दर तासाला तेच गुण उतरवले जाणार यात तिचा दोष नाही. परिचारिकांच्या रिक्त जागा हा आस्थापना विभागाचा विषय म्हणून फायलीत पडून राहतो. डोक्याच्या रुग्णाच्या खाटेजवळ तो मृत्यूचे कारण होतो.

पैशाचा प्रश्न पूर्वीसारखा अडलेला नाही. केंद्राने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातील जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली : सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. सुजेचे सर्वांत घातक दिवस या सातांत येतात. त्यामुळे कवटीतला दाब मोजण्याचा खर्च आणि दुसऱ्या सीटीचा खर्च उपचारांच्या मान्य यादीत नावानिशी असायला हवा. जो रुग्णालयचालक गंभीर डोक्याचा मार असलेल्या रुग्णाचे बिल लावतो, त्याने तासागणिक रक्तदाब, ऑक्सिजन आणि शुद्धीचे गुण जोडल्याशिवाय ते मंजूर होऊ नये. या एका अटीने अनेक वॉर्डांच्या सवयी बदलतील.

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आता मुंबईच्या दाराशी येऊन पोचला आहे. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची परवानगी आहे. वेग बांधणाऱ्या सरकारवर त्या वेगाने फुटणाऱ्या कवट्यांचीही जबाबदारी येते. पुण्यासारख्या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्यांनी आणि त्यांच्यापुढे नमते घेणाऱ्या पुढाऱ्यांनीही एकदा अशा वॉर्डात रात्र काढावी. पण हेल्मेट घालूनही माणसे पडतात, आणि पडलेल्याला पहिले पाच दिवस कोण पाहते हा प्रश्न हेल्मेटने सुटत नाही.

आरोग्यमंत्र्यांनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी एक यादी प्रसिद्ध करावी. राज्यातल्या कोणत्या रुग्णालयात कवटीतला दाब आज, रात्रीच्या पाळीलाही, मोजता येतो. कुठे न्यूरोसर्जन हजर असतो. कुठे दुसरा सीटी त्याच रात्री होतो. आणि यांतले काहीच नसलेल्या जिल्ह्यातला रुग्ण किती वेळात, कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या जबाबदारीवर पोचवला जाईल. जिल्ह्यांची नावे लिहून, रकाने भरून. ज्या जिल्ह्यापुढचे रकाने रिकामे राहतील, तिथला आमदार कोण हे त्या जिल्ह्यातल्या मतदाराला ठाऊक असते.